उशीर कोणाचा?

गोष्ट सांगणाऱ्याला पैसे नकोत, टाळ्याही नकोत; त्याला हुंकार हवा असतो. आपल्याकडच्या आज्या या बाबतीत मोठ्या कडक. ‘एक होता राजा’ असे म्हटले, की समोरच्या पोराने ‘हूं’ म्हटलेच पाहिजे. हुंकार थांबला, की गोष्ट थांबली. शिवाय तो वेळेवर यावा लागतो. फार लवकर आला तर पोर उतावळे; उशिरा आला तर पोर पेंगले असे समजून आजी पांघरूण शोधायला लागते. ‘हूं’ या अक्षराला स्वतःचा असा काही अर्थ नाही. ते केव्हा येते, यातच त्याचा सगळा अर्थ.

मोठ्या माणसांचेही तेच. शेजारच्या वहिनींकडे वाटीभर साखर मागावी. “आहे ना!” असे त्या तत्काळ म्हणाल्या, तर साखर आहे. पण मध्ये एका सेकंदाची शांतता पडली आणि मग “आहे ना!” आले, तर शहाण्या माणसाने वाटी घेऊन वाण्याकडे जावे. शब्द तेच, उशिराने त्यांचा अर्थ फिरवला.

यंत्रांनाही आपण हाच कायदा लावतो. बटण दाबताच दिवा लागला, तर बटण आणि दिवा या दोन निराळ्या वस्तू आहेत हे ध्यानातसुद्धा येत नाही. पण ती स्टार्टरवाली ट्यूब आठवून पाहा. बटण दाबावे, तिने दोनतीनदा डोळे मिचकवावेत, जरा विचार करावा आणि मग प्रकाश पाडावा. विनोद सांगून झाल्यावर सगळ्यांच्या मागून हसणाऱ्या माणसाला आपण ‘ट्यूबलाइट’ म्हणू लागलो ते त्यामुळेच. उशीर यंत्राचा, नाव मात्र माणसाला चिकटले. मला आज जे सांगायचे आहे ते थोडक्यात एवढेच. पण ते संगणकाच्या पडद्याविषयी आहे आणि त्यात माझी थोरली बहीण आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संगणकाची कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटते. या दोहोंच्या मध्ये थोडा काळ जातो. त्या धंद्यातली मंडळी त्याला ‘इनपुट लॅग’ म्हणतात. आपण हुंकाराचा उशीर म्हणू. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदांत मोजतात. आता पापणी लवायलाच शंभर ते चारशे मिलिसेकंद लागतात. तेव्हा तुम्ही म्हणाल, पापणी लवायच्या आत जे होते-जाते त्याचा एवढा बाऊ कशाला? ही शंका नवी नाही. १९६८ साली आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट मिलर या संशोधकाने माणूस आणि संगणक यांच्या संभाषणावर एक निबंध वाचला. कोणत्या उत्तराला माणूस किती वेळ थांबू शकतो, याचा त्यात बारकाईने विचार होता. कळ दाबल्याची पोच, त्याच्या मते, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मिळायला हवी. पुढच्या कामाला वेळ लागला तर लागो. ‘ऐकले बरे का’ एवढे तरी लगेच कळले पाहिजे. म्हणजे आजीचा हुंकारच की!

त्याच १९६८ साली माझी ताई, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्याच्या एका सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून लागली. २००५ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. मधली सदतीस वर्षे तिची बोटे चालत होती. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली होती आणि हे ती आजही, कोणी विचारले नाही तरी, सांगते. तिचे टायपिंग ऐकणे हा एक निराळाच आनंद होता. एका लयीत पडणारी ती टपटप, ओळ संपत आल्याची ‘टिंग’, गाडा मागे सरकवल्याची ‘खर्र’ आणि पुन्हा टपटप. कचेरीतले लोक म्हणत, “बाई रागावल्यात की खुशीत आहेत हे ठोक्यावरून कळतं.”

त्या यंत्रावर उशीर नावाची वस्तूच नव्हती. बोट कळीवर, कळीला जोडलेली दांडी, दांडीच्या टोकाला अक्षर, समोर शाईची फीत आणि फितीमागे कागद. सगळे एकाच लोखंडी नात्यात बांधलेले. जोरात ठोका मारला तर पूर्णविरामाने कागदाला भोक पडे. घाईने दोन कळा एकदम दाबल्या तर दांड्या एकमेकींत अडकत आणि बोटे काळी करून सोडवाव्या लागत. यंत्र चुकीची शिक्षादेखील तिथल्या तिथे देई. उधारी ठेवीत नसे.

निवृत्तीनंतर ताईने संगणकावर मराठी टाइप करणे शिकून घेतले. नातवंडांसाठी आठवणी लिहायच्या असे तिने ठरवले. सुरुवात पानशेतच्या पुरापासून. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पन्नासएक पाने झाली असतील. मग बारीक अक्षर जड जाऊ लागले. माझा भाचा मोठा मायाळू. त्याने त्रेचाळीस इंची टीव्ही आणला आणि संगणकाला पडदा म्हणून जोडून दिला. अक्षरे लिंबाएवढी दिसू लागली. ताई खूष झाली.

आणि महिन्याभरात तिचे लिहिणे बंद पडले.

कळ दाबून पाहावे, तो अक्षर नसे. पुन्हा दाबावी, तो दोन येत. एक खोडायला जावे, तो दोन्ही जात. ‘पाणी’ या शब्दाला दोन काने लागत आणि मग तिन्ही खोडून नव्याने सुरुवात. लय म्हणून राहिली नाही. सदतीस वर्षे न बघता टाइप करणारी बाई एकेक कळ दाबून वर पाहू लागली. परीक्षेला बसलेल्या मुलीने गुरुजींच्या तोंडाकडे पाहावे तशी. भाच्याने तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बोटे मिटवून-उघडून पाहिली, नाकाला बोट लावायला सांगितले, काही दोष नाही म्हणाले. आणि निघताना दारात, सहज, “वय झालं ना आता,” एवढेच म्हणाले. ताईला हवा असलेला, म्हणजे नको असलेला, निकाल मिळाला. तिने कीबोर्डवर भरतकामाचा रुमाल घातला.

गेल्या भाऊबीजेला मी गेलो, तेव्हा ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, “आठवणी राहिल्या रे. हात गेला माझा.”

हे ती अगदी शांतपणे म्हणाली आणि म्हणूनच मला ते सोसले नाही. गुडघा गेला असे म्हणणारी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. ती गुडघ्याविषयी बोलत असतात. ताई स्वतःविषयी बोलत होती.

तिची नात अभियांत्रिकीला आहे आणि अभ्यासातून वेळ मिळाला, म्हणजे संगणकावर खेळ खेळते. निदान तिची आई तरी याच क्रमाने सांगते. काहीतरी शोधण्यासाठी तिने रुमाल बाजूला केला, चार कळा दाबल्या आणि ओरडली, “आजी, हा टीव्ही केवढा लॅग मारतो! यावर तू लिहितेस कशी?”

“लिहीत नाही,” ताई म्हणाली.

मग त्या मुलीने जे केले ते पाहण्यासारखे होते. तिने आपला फोन एका पुस्तकाला टेकवून उभा केला. हल्लीच्या कित्येक फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेण्याची सोय असते. म्हणजे प्रत्येक चित्रात जेमतेम चार मिलिसेकंदांचे अंतर. कीबोर्ड आणि पडदा दोन्ही दिसतील असा नेम धरून तिने आजीला एक कळ दाबायला सांगितली. नंतर ती चित्रे एकेक करून पुढे सरकवली आणि बोट तळाला टेकले तिथपासून अक्षर उमटेपर्यंतची मोजली. एक्केचाळीस भरली.

“मामाआजोबा, एकशे सत्तर मिलिसेकंद,” तिने हिशेब सांगितला. “आणि आता मी दाबते.”

तिची कळ. पुन्हा एक्केचाळीस.

ताई चष्मा सावरून पुढे सरकली. “म्हणजे तुझ्या बोटालासुद्धा तेवढाच?”

“माझ्या काय, कोणाच्याही बोटाला तेवढाच. उशीर बोटानंतर होतोय, आजी.”

आता चाळीस शब्दांच्या वेगाने टाइप करणारीच्या सेकंदाला तीनचार कळा पडतात. म्हणजे एकशे सत्तर मिलिसेकंद हे तिचे जवळजवळ अर्धे पाऊल. तबलजी प्रत्येक ठेका अर्धी मात्रा मागून देऊ लागला, तर गाणाऱ्याने गावे कसे? गाणारा थांबेल, अडखळेल आणि श्रोते म्हणतील, बुवांचा आवाज बसला.

हे एकशे सत्तर मिलिसेकंद जातात तरी कुठे, असे मी त्या मुलीला विचारले. तिचे उत्तर ऐकताना मला ताईच्या कचेरीतल्या फायलींची आठवण झाली. एका टेबलावर कागद फार दिवस पडून राहतो असे नाही. आवकवाला म्हणतो, मी त्याच दिवशी नोंद केली. कारकून म्हणतो, माझ्याकडे एकच रात्र होता. साहेब म्हणतात, मी समोर येताच सही केली. सगळे खरे बोलतात आणि कागदाला तीन आठवडे लागतात. तसेच इथे. कळ खरोखर दाबली गेली, की नुसती थरथरली, याची खात्री करायला कीबोर्ड काही मिलिसेकंद घेतो. संगणक कीबोर्डला ‘काही आहे का?’ असे ठराविक काळाने विचारतो. साध्या कीबोर्ड-माउसच्या बाबतीत बहुधा दर आठ मिलिसेकंदांनी. मग ती बातमी रांगेत उभी राहते. लिहिण्याचा प्रोग्रॅम दुसऱ्या कामात असला तर रांग थांबते. मग तो अक्षर काढतो. आणि एवढे झाल्यावर ते अक्षर पडद्याच्या दाराशी येऊन थांबते.

पडद्याचा नियम समजून घेण्यासारखा आहे. तो सगळे चित्र एकदम दाखवीत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तो ओळीओळीने भरत येतो आणि साधा पडदा हे सेकंदाला साठ वेळा करतो. म्हणजे एका खेपेला सुमारे १६.७ मिलिसेकंद. मी डोंबिवलीकर असल्यामुळे मला लोकलचेच उदाहरण सुचते. दर १६.७ मिलिसेकंदांनी एक गाडी सुटते. तुमचे अक्षर फलाटावर एका मिलिसेकंदाने उशिरा पोचले, तर शेपटीचा लाल दिवा बघत पुढच्या गाडीची वाट पाहायची.

पण मग गाडीची वाट बघायचीच कशाला? पडदा भरत असतानाच नवे चित्र मध्येच का घुसवू नये? घुसवता येते. मात्र मग वरचा अर्धा पडदा जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा अशी चिरफाड दिसते. भिंतीवरच्या सिनेमाच्या पोस्टरवर दुसरे पोस्टर अर्धेच चिकटवावे, तसे. वर एका नायकाच्या मिशा आणि खाली दुसऱ्या नायिकेची साडी. हे टाळण्यासाठी एक युक्ती करतात. १९६२ साली आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचावर आले, तेव्हा लोक नाटकाइतकेच त्या रंगमंचाकडेही बघत राहिले. पुढच्या बाजूला प्रवेश चालू असताना मागच्या बाजूला पुढचा देखावा सज्ज होई आणि मंच फिरला की तयार देखावा समोर. संगणक तेच करतो. एक चित्र दाखवीत असताना दुसरे मागे रंगवतो आणि पडद्याची एक खेप संपून दुसरी सुरू होण्याच्या संधीत दोन्हींची अदलाबदल करतो. चित्र अखंड दिसते. किंमत एवढीच, की मागे तयार झालेल्या देखाव्याला मंच फिरेपर्यंत अंधारात उभे राहावे लागते.

पुढे यात आणखी एक खाते निघाले. मॅक संगणकांच्या २००१ सालच्या नव्या प्रणालीत आणि २००७ साली घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टात प्रत्येक खिडकी आधी बाजूला रंगवायची आणि मग एका व्यवस्थापकाने त्या सगळ्या एकावर एक मांडून एकच चित्र पडद्याकडे पाठवायचे, अशी पद्धत आली. त्यामुळे खिडक्यांना सुंदर सावल्या आल्या, कडा पारदर्शक झाल्या, चिरफाड थांबली. कागदाला मात्र एक टेबल वाढले. याचा पुरावा अनेक संगणकांवर घरबसल्या बघता येतो. एखादी खिडकी माउसने धरून भराभर इकडेतिकडे ओढा. बाण पुढे पळतो आणि खिडकी त्याच्यामागे, बोट धरून ओढल्या जाणाऱ्या आजीसारखी, किंचित फरफटत येते. कारण बाणाला बहुधा वेगळा पास असतो. तो रांगेत न थांबता अगदी शेवटच्या क्षणी चित्रावर ठेवला जातो. बिचारी खिडकी सगळी टेबले फिरून येते.

पण ताईच्या घरचा मोठा अपराधी याच्याही पुढे होता. तो म्हणजे तो मायेने आणलेला टीव्ही. टीव्ही हे आलेले चित्र जसेच्या तसे दाखवीत नाहीत. ते त्याला नटवतात. रंग खुलवतात, कडा रेखतात आणि हालचाल मऊ दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये आपल्या पदरचे तिसरे चित्र घालतात. आता दोन चित्रांच्या मधले चित्र काढायचे, तर पुढचे चित्र हातात यायला नको का? म्हणून टीव्ही आलेली चित्रे काही काळ दाबून ठेवतो. सिनेमा बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवतात आणि सिनेमा आपल्याला काही विचारीत नाही. पण ज्याच्या बोटाने चित्र बदलते, त्याला हा सगळा साजशृंगार दारात तिष्ठत ठेवतो. नवरा मुलगा मंडपात उभा आणि आत नवरीची वेणी चालली आहे, अशातला प्रकार.

त्या मुलीने रिमोट घेतला, यादीत खोल कुठेतरी गेली आणि ‘गेम मोड’ नावाचे एक कलम चालू केले. खेळणाऱ्या पोरांसाठी नटवण्याची बरीचशी खाती बंद करणारे हे कलम आहे. पुन्हा फोन, पुन्हा कळ, पुन्हा मोजणी. सतरा चित्रे. एकशे सत्तरावरून सत्तर मिलिसेकंद. शंभर मिलिसेकंदांची रजा एका बटणात मंजूर झाली. मिलरसाहेबाची दशांश सेकंदाची अट अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ताईच्या दिवाणखान्यात पुरी झाली.

पण मला राहून राहून वाटते, नात खेळ खेळणारी नसती तर? तर एका चांगल्या टायपिस्टची बोटे ‘वय झालं’ या दोन शब्दांखाली कायमची पुरली गेली असती.

आणि ही काही पहिलीच वेळ नाही. ग्रीनिचच्या वेधशाळेत १७९६ साली असेच घडले. तिथे डेव्हिड किनेब्रुक नावाचा एक तरुण साहाय्यक होता. तारा दुर्बिणीतल्या उभ्या तारेला केव्हा ओलांडतो, हे टिपायचे त्याचे काम. डोळा ताऱ्यावर आणि कान घड्याळाच्या ठोक्यांवर ठेवून दोन ठोक्यांमधला दशांश अदमासाने ठरवायचा. त्याच्या नोंदी राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन याच्या नोंदींपेक्षा सुमारे आठ दशांश सेकंदाने मागे पडू लागल्या. त्याला ताकीद मिळाली. तरी फरक राहिला. मॅस्केलिनने त्याला नोकरीवरून काढले. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाच्या वाचनात ही हकीकत आली. त्याने स्वतःच्या नोंदी इतर नामांकित ज्योतिर्विदांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यातही एकमेकांत तसाच फरक निघाला. डोळा आणि कान यांची सांगड घालण्यात प्रत्येकाचा काल निराळा. यात आळस नाही की गुन्हाही नाही. शास्त्रज्ञांनी पुढे त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ असे भारदस्त नाव दिले. किनेब्रुक मात्र १८०२ सालीच वारला. उशीर मोजायचा राहिला आणि माणूस तेवढा मोजला गेला.

तुम्ही म्हणाल, संगणक दिवसेंदिवस वेगवान होत आहेत, तेव्हा हा रोग आपोआप बरा होईल. मलाही तसेच वाटले असते. पण २०१७ साली डॅन लू नावाच्या एका संगणक अभियंत्याने जुने-नवे संगणक गोळा करून, कॅमेऱ्याने याच रीतीने मोजणी केली आणि ती प्रसिद्ध केली. त्याच्या यादीत पहिला नंबर कोणाचा आला असेल? १९८३ सालच्या ॲपल टू-ई या संगणकाचा! कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत सुमारे तीस मिलिसेकंद. त्याच्यापेक्षा हजारो पटींनी ताकदवान असलेल्या अलीकडच्या कित्येक संगणकांना शंभराहून जास्त लागले. कारण उघड आहे. त्या जुन्या यंत्रात कळ आणि पडदा यांच्यामध्ये कचेरीच नव्हती. नव्याचे कारकून विजेसारखे चपळ आहेत, पण टेबले वाढली.

शिवाय काही उशीर तर मुद्दाम ठेवलेले असतात. २००७ साली आयफोन आला, तेव्हा संगणकासाठी केलेली वेबपाने त्याच्या लहान पडद्यावर मोठी करून वाचता यावीत म्हणून दोनदा टिचकी मारण्याची सोय होती. पण एक टिचकी पडली, की दुसरी पडणार आहे की नाही हे कसे कळावे? म्हणून फोन सुमारे तीनशे मिलिसेकंद थांबे आणि मगच पहिलीला उत्तर देई. दुसऱ्या फोनांनीही तोच धडा गिरवला. म्हणजे एकदाच टिचकी मारणाऱ्या सरळ माणसाने, दोनदा मारणाऱ्याच्या संशयापायी, दर वेळी खोळंबायचे. फोनच्या पडद्यासाठीच बनवलेल्या पानांवरून हा दंड अँड्रॉइडवरच्या क्रोमने २०१४ साली आणि आयफोनच्या सफारीने २०१६ साली काढून टाकला. मधल्या वर्षांत ‘माझ्या बोटाला हा फोन दाद देत नाही’ असे म्हणणारे किती आजी-आजोबा होऊन गेले असतील, कोण जाणे.

आणि बोटाला हे सारे कळते, यातच खरी मेख आहे. २०१२ साली संशोधकांनी एक प्रयोग केला. पडद्यावरचे चौकोन बोटाने ओढायला लावून, बोटामागे ते किती उशिरा आले म्हणजे माणसाला कळते, हे त्यांनी तपासले. सरासरीने सुमारे सहा मिलिसेकंदांचा फरक लोक ओळखत होते! पापणी लवते त्याच्या कितीतरी आत. डोळा फसतो, पण हात फसत नाही. त्याला फक्त तक्रार कोणाविरुद्ध करायची ते समजत नाही. म्हणून तो स्वतःविरुद्ध करतो. टॅबलेटवर चित्र काढणाऱ्यांनी मात्र ती पडद्याविरुद्ध केली. ॲपलने २०१९ साली आपल्या पेन्सिलीचा उशीर वीस मिलिसेकंदांवरून नऊवर आणल्याचे जाहीर केले. खेळणाऱ्यांनी तर धुमाकूळच घातला. २०१३ पासून त्यांच्यासाठी निराळ्या जातीचे पडदे बाजारात येऊ लागले. ते ठरल्या वेळी गाडी सोडीत नाहीत. चित्र तयार झाले की सोडतात. गवयाच्या श्वासावर नजर ठेवून सूर धरणाऱ्या पेटीवाल्यासारखा तो पडदाच चित्रासाठी थांबतो. म्हणजे अखंड चित्र हवे तर उशीर सोसा, हा जुना सौदा काही ब्रह्मलिखित नव्हता. कोणीतरी हट्ट धरायला हवा होता.

तो हट्ट पोरांनी धरला, चित्रकारांनी धरला. आपल्या म्हाताऱ्यांनी धरला नाही. कारण त्यांना खात्रीच होती, की चूक आपली आहे. ज्यांनी जन्मभर वेळेवर कामे केली, त्यांच्याच मनात हा संशय लवकर रुजतो. बँकेच्या पडद्यावर बोट ठेवून चाक फिरताना पाहणारे आजोबा, तिकिटाच्या पडद्यासमोर ‘मी काही चुकीचं दाबलं का हो?’ असे मागच्याला विचारणाऱ्या बाई, यांच्याकडे रांगेतल्या लोकांनी जरा निराळ्या नजरेने पाहावे. आणि हे पडदे बनवणाऱ्या मंडळींना, ज्यांत आपलीच मुले-बाळे पुष्कळ आहेत, माझे एकच सांगणे आहे. सावली, पारदर्शक कडा, सगळे करा. पण आधी हुंकार द्या. बटण दाबले गेले एवढे तरी बटणाने तत्क्षणी सांगावे. पुढचे काम होईल तेव्हा होईल.

या दिवाळीत तुम्ही आईवडिलांकडे जाल. आई फोनवर दोनदा बोट मारताना दिसेल, वडील कळ दाबून पडद्याकडे बघत बसलेले दिसतील. ‘आता जमत नाही त्यांना’ असे भावंडांत कुजबुजण्याआधी, चिवडा खाऊन झाल्यावर हात धुऊन, तीच कळ एकदा स्वतः दाबून बघा. जमल्यास मोजून बघा. आणि टीव्हीला संगणक जोडलेला असेल, तर रिमोटवर ते पोरांचे कलम शोधून काढा.

माझ्या ताईचे म्हणाल, तर पानशेतचे पाणी उतरून तिची आठवण आता १९६८ च्या कचेरीपर्यंत येऊन पोचली आहे. शेजारणींना ती मोठ्या अभिमानाने सांगते, “मी गेम मोडवर लिहिते.” परवा तिचा फोन आला, तेव्हा मागे कुणाची तरी टपटप ऐकू येत होती.

“कोण टाइप करतंय?” मी विचारले.

“मीच,” ती म्हणाली. “तू बोल. तुझ्याशी बोलायला मला हात थोडेच थांबवावे लागतात!”